घर काठावर, मोटरसायकल घाटात

आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, कायमचे राहणारी माणसे भेटली की लोक पाण्याविषयी विचारतात, विजेविषयी विचारतात, टपाल कुठे येते तेही विचारतात. आमच्या घराच्या मागच्या भागातून मोटरसायकल बाहेर पडताना पाहिली की मात्र एकच प्रश्न येतो : एवढे मोठे घर आणि त्याला ओढणारा तेवढाच मोठा पिकअप असताना हे आणखी एक ओझे कशाला? सप्टेंबरअखेर आम्ही नवराबायकोने अमेरिकेतल्या मॉन्युमेंट व्हॅलीपासून सान हुआन नदीच्या काठाकाठाने कोलोरॅडोतल्या सान हुआन पर्वतरांगेपर्यंत जो प्रवास केला, त्यात या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ रोज मिळत गेले, म्हणून तो दिवसवार लिहून ठेवते आहे.

आधी घराविषयी थोडे सांगायला हवे. आमचे घर ‘टॉय हॉलर’ प्रकारचे फिफ्थ व्हील, म्हणजे पिकअपने ओढायचे घर आहे. पुढचा भाग राहण्याचा, म्हणजे बिछाना, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. मागचा भाग छोट्या गॅरेजचा, ज्याची मागची भिंतच खाली उतरून रॅम्प होते. पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर, जी जोडणी असते तिच्यात या घराचा खुंटा अडकतो आणि घराच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा त्या खुंट्यावर यावा लागतो. तो कमी पडला तर घर वेगात डोलू लागते, जास्त झाला तर पिकअपचा मागचा आस दबतो. मोटरसायकल घराच्या चाकांच्या मागे उभी राहते, त्यामुळे तिच्या वजनाने खुंट्यावरचा भार हलका होतो. पाण्याची टाकी आमच्या घरात चाकांच्या पुढे आहे, त्यामुळे ती भरली की भार वाढतो. १०० गॅलन पाण्याचे वजन सुमारे ३८० किलो भरते आणि आमची मोटरसायकल पेट्रोलसह त्याच्या निम्म्याहून थोडीच अधिक आहे. मोटरसायकलीच्या वजनाची धास्ती घेणारी माणसे टाकीतल्या पाण्याचे वजन विसरतात, याचे मला खरोखर नवल वाटते. लांबच्या पल्ल्याला निघण्यापूर्वी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर पिकअपचा पुढचा आस, मागचा आस आणि घराचे आस अशी तिन्ही वजने वेगवेगळी करून घ्यायची आमची पद्धत आहे. सामान जरा इकडचे तिकडे झाले तरी आकडे बदलतात, त्यामुळे जुन्या पावतीवर विसंबून चालत नाही.

सोमवार : केयेंटा ते गूसनेक्स

या भागात घड्याळाकडे नीट लक्ष द्यावे लागते. अॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यात पसरलेले नावाहो नेशन, म्हणजे नावाहो या मूळ रहिवाशांचा स्वायत्त प्रदेश, ते करते, त्यामुळे फ्लॅगस्टाफकडून केयेंटाला येताना नकाशावर राज्य तेच राहते आणि वेळ एका तासाने बदलते. गाइडची वेळ ठरवलेली असेल तर ही गोष्ट आधीच लक्षात ठेवलेली बरी.

मॉन्युमेंट व्हॅली हे नावाहो लोकांचे स्वतःचे उद्यान आहे. ते १९५८ मध्ये स्थापन झाले. खडकांच्या त्या उत्तुंग सुळक्यांमधून जाणारा १७ मैलांचा कच्चा फेरा आरव्हीला बंद आहे आणि मोटरसायकललाही बंद आहे. वाळू खोल आहे आणि ही जमीन तिथल्या लोकांची राहती जमीन आहे, तेव्हा हा नियम मला योग्य वाटतो. आम्ही एका नावाहो गाइडच्या उघड्या गाडीतून गेलो. कोणत्या सुळक्याच्या पायथ्याशी कोणाची मेंढरे चरतात, कोणत्या वळणापलीकडे छायाचित्र काढायचे नाही, हे त्याने सांगितले आणि स्वतःच्या वाहनाने गेलो असतो तर यातले काहीच कळले नसते. मोटरसायकल सोबत आहे म्हणून प्रत्येक रस्ता तिच्यावरूनच केला पाहिजे, असा हट्ट प्रवासाला उपयोगाचा नाही.

दुपारी यूएस १६३ महामार्गाने उत्तरेला निघून, मेक्सिकन हॅटपाशी सान हुआन नदी ओलांडून गूसनेक्स स्टेट पार्कला पोहोचलो. इथे वीज नाही, नळ नाही. कड्यावरची मोकळी जमीन, टेबल-बाक, साधी स्वच्छतागृहे आणि समोर सुमारे १,००० फूट खोल दरी एवढेच आहे. खाली नदी अशी वळणे घेत जाते की पश्चिमेकडे दीड मैल सरकण्यासाठी तिला सहा मैलांहून अधिक वाहावे लागते. एके काळी ती सपाट प्रदेशातून संथपणे वळसे घेत होती; मग पठार हळूहळू उचलले गेले आणि नदीने आपली वळणे न सोडता त्याच रेषांवर खडक कापत नेला. कड्यावर उभे राहिले की एकाच नदीचे तीन-चार पदर एकाआड एक दिसतात आणि त्यातले पाणी कोणत्या दिशेने चालले आहे, हे समजायला बराच वेळ लागतो.

घर आम्ही कड्यापासून चांगले दूर लावले. संध्याकाळी या पठारावर वारा उठतो, आणि घराची रुंद भिंत वाऱ्याकडे असेल तर रात्रभर झोप लागत नाही. म्हणून तोंड वाऱ्याच्या दिशेला ठेवले. जमीन जवळजवळ समतल असल्याने पिकअप सोडायचीही गरज पडली नाही. मोटरसायकल बाळगण्याचा हा एक मोठा फायदा आहे. पिकअपने फिरायचे म्हटले की घर पुढून आधारावर उभे करा, जोडणी सोडा, तारा काढा आणि परत आल्यावर हे सगळे उलट्या क्रमाने करा. इथे रॅम्प खाली केला की मोटरसायकल दहा मिनिटांत बाहेर येते आणि घर जोडलेलेच राहते.

ती बाहेर काढताना नवरा मागून रॅम्पवर चालतो आणि मी इंजिन बंद ठेवून, पुढच्या ब्रेकवर बोटे ठेवून तिला उलटी खाली उतरवते. गॅरेजमध्ये तिचे पुढचे चाक लोखंडी खाचेत बसते आणि चार रॅचेट पट्टे तिला चार दिशांना ताणून धरतात. पट्ट्याचा हूक थेट हँडलबारला लावायचा नाही. पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) खालच्या पट्टीभोवती कापडी फास घालायचा आणि हूक त्याला अडकवायचा, म्हणजे पट्टा ताणला तरी रंग खरवडत नाही आणि हँडल वळत नाही. पुढचा सस्पेन्शन साधारण निम्मा दबेपर्यंत ओढायचे. पूर्ण दाबला तर ऑइल सीलवर अकारण ताण येतो, सैल ठेवला तर खड्ड्यात गाडी उसळते आणि हूक निसटतो. निघाल्यावर पहिल्या काही मैलांत थांबून पट्टे पुन्हा ओढावे लागतात, कारण नवा ताण तेवढ्यात बसकण घेतो. पेट्रोलच्या वाफा साचू नयेत म्हणून गॅरेजच्या खिडक्या उघड्या ठेवतो आणि मोटरसायकल आत असेपर्यंत गॅसची शेगडी पेटवत नाही. राहत्या घरात पेट्रोलची टाकी ठेवणाऱ्याला या बाबतीत सूट नाही.

मंगळवार : मोकी डगवे, म्यूली पॉइंट, नॅचरल ब्रिजेस

कच्च्या रस्त्यावर डबलसीट जायचे नाही, असा आमचा नियम आहे. आजचा दिवस माझा होता आणि उद्याचा नवऱ्याचा.

गूसनेक्सहून मुख्य रस्त्याला लागून उत्तरेला वळले की युटा २६१ हा डांबरी रस्ता सरळ सीडर मेसा या सपाट माथ्याच्या पठाराच्या भिंतीकडे जातो. भिंत जवळ येते, पण रस्ता कुठून वर जाणार ते दिसत नाही. शेवटच्या क्षणी डांबर संपते आणि मोकी डगवे सुरू होतो. तीन मैलांत सुमारे १,१०० फूट चढ, जागोजागी ११ टक्क्यांचा उतार, भिंत खोदून काढलेली आखूड वळणे आणि बहुतेक ठिकाणी बाहेरच्या बाजूला कठडा नाही. हा रस्ता प्रवाशांसाठी बांधलेला नव्हता. १९५८ मध्ये एका खाण कंपनीने हॅपी जॅक खाणीतले युरेनियमचे खनिज मेक्सिकन हॅटजवळच्या गिरणीपर्यंत उतरवण्यासाठी तो खोदला. भरलेले खनिजाचे ट्रक इथून खाली उतरत असत, ही गोष्ट एकदा डोळ्यांसमोर आणली की त्या चालकांविषयी मनात आदर दाटून येतो. आज २८ फुटांपेक्षा लांब किंवा १०,००० पौंडांपेक्षा जड वाहनाने इथे येऊ नये, असे राज्याचे सांगणे आहे. आमचे घर या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी पलीकडचे आहे, तेव्हा मोटरसायकल नसती तर हा घाट खालूनच बघावा लागला असता.

चढताना अवघड असते ते वळणाचे आतले टोक. सगळी वाहने तिथे जोर लावतात, त्यामुळे खडी सैल होते आणि आडव्या नाळी पडतात. पहिल्या गिअरमध्ये, उभे राहून, गुडघे सैल ठेवून मी वळण रुंद घेत होते आणि नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवत होते. दरीकडे पाहिले की हात आपोआप दरीकडे वळतो. सकाळी लवकर निघाल्याने समोरून वाहन आले नाही, ही जमेची बाजू होती. एका रुंद वळणावर थांबून मागे पाहिले तर खाली लाल माळरानावर व्हॅली ऑफ द गॉड्सचे सुळके लांब सावल्या टाकून उभे होते, दूर मॉन्युमेंट व्हॅलीची रेषा होती आणि गूसनेक्सच्या कड्यावर आमच्या घराचा पांढरा ठिपका दुर्बिणीतून ओळखता आला. तो दिसला तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत नीट मांडता येत नाही. आपण राहतो ते घर आणि आपण फिरतो तो रस्ता एकाच नजरेत मावणे, हे या जगण्यातले खरे वैभव आहे, असे मला वाटते.

वर पोहोचताच डावीकडे म्यूली पॉइंटचा कच्चा फाटा लागतो. जवळपास पाच मैलांनंतर मेसाची कडा येते आणि सान हुआनची दरी इथून आणखी उंचावरून दिसते. तिथे अर्धा तास बसून, परत २६१ ला लागून, पिन्यॉन आणि जुनिपरच्या झाडीतून सरळ उत्तरेला युटा ९५ पर्यंत आणि तिथून पश्चिमेला नॅचरल ब्रिजेसला गेले. वाटेतला बराचसा प्रदेश बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकाचा, म्हणजे सरकारने राखलेल्या प्रदेशाचा आहे. २०१६ मध्ये घोषित झालेले हे स्मारक २०१७ मध्ये खूप लहान केले गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर्ववत झाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दरीदरीत, जुन्या प्वेब्लो लोकांची धान्याची कोठारे आणि घरे आहेत. त्यांच्या भिंतींना हात न लावता दुरून पाहावे, एवढी काळजी येणाऱ्या प्रत्येकाने घेतली पाहिजे.

नॅचरल ब्रिजेस हे युटातले पहिले राष्ट्रीय स्मारक. ते १९०८ मध्ये स्थापन झाले. सिपापू, कचिना आणि ओवाचोमो हे इथले तीन पूल, आणि ते कसे झाले हे गूसनेक्स पाहून आलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. नदीचे वळण इतके घट्ट होते की दोन बाजूंच्या प्रवाहांमध्ये खडकाची पातळ भिंत उरते; पुराचे पाणी दोन्हीकडून तिच्यावर आदळत राहते, एक दिवस भिंतीला भोक पडते, नदी जवळची वाट धरते आणि वर राहतो तो पूल. सिपापूचा विस्तार २६८ फूट आहे. ओवाचोमो मधोमध अवघा नऊ फूट जाड उरला आहे आणि त्याच्याखाली उभे राहिल्यावर तो किती दिवस टिकेल, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. इथला छोटा कॅम्पग्राउंड २६ फुटांपर्यंतच्याच वाहनांना घेतो, तेव्हा घर घेऊन आलो असतो तरी मुक्कामाला जागा नव्हती. २००७ मध्ये जगातले पहिले आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क म्हणून या जागेला मान्यता मिळाली. इथली रात्र पाहायला थांबावे असे फार वाटत होते, पण अंधारात हरणे रस्त्यावर येतात आणि मोकी डगवे रात्री उतरायचा नव्हता. त्यामुळे सूर्य डोक्यावरून कलताच परतले. उतरताना पहिला गिअर, मागचा ब्रेक अगदी हलका आणि पुढच्या ब्रेकला सैल खडीवर शक्यतो हात नाही. इंजिनच्या जोरावर गाडी आपली आपण रेंगाळत खाली येते.

बुधवार : पाणी, टपाल आणि व्हॅली ऑफ द गॉड्स

नवरा सकाळी मोटरसायकल घेऊन व्हॅली ऑफ द गॉड्सच्या १७ मैलांच्या कच्च्या फेऱ्याला गेला. ती जमीन केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे आहे आणि तिथे फुकट मुक्काम करता येतो. अशा जमिनीवर एका जागी सामान्यतः १४ दिवसांची मर्यादा असते. रस्त्यात कोरडे ओढे आडवे येतात. पावसानंतर त्यांची लाल माती चिकट होते आणि तिच्यात दुचाकीच काय, चारचाकीही फसते. आज माती कडक होती. तो दोन तासांनी धुळीने माखून आणि अत्यंत प्रसन्न होऊन परत आला.

मी तोवर कामाला बसले. कायम आरव्हीत राहणे म्हणजे कायमची सुट्टी, असा समज अनेकांचा असतो. आमचे दोघांचेही काम चालू असते. ते उपग्रह इंटरनेटवर आणि छतावरच्या सौर पॅनेलनी भरलेल्या लिथियम बॅटऱ्यांवर चालते. उन्हाचा मोठा भाग त्यासाठी राखून ठेवावा लागतो, म्हणून दिवसाआड भटकंती आणि दिवसाआड काम अशी वाटणी आम्हाला मानवली आहे. कायदेशीर पत्ता साउथ डकोटाचा आहे. टपाल तिथे गोळा होते आणि आम्ही कळवू त्या गावी पुढे येते. फिरस्ते लोक बहुधा साउथ डकोटा, टेक्सास किंवा फ्लोरिडा यांपैकी एक राज्य निवडतात, कारण तिथे अशा पत्त्याची सोय रुळलेली आहे आणि पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. मात्र वाहनविमा आणि विशेषतः आरोग्यविमा त्या राज्यावर अवलंबून असतो, तेव्हा कर पाहण्याआधी तो पाहावा, हे नव्याने निघणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते.

नळ नसलेल्या जागी पाणी तांब्या-बादलीच्या हिशेबाने वापरायचे. भांडी आधी पुसायची, मग धुवायची. अंघोळीत अंग ओले केले की शॉवर बंद. खरे तर स्वच्छ पाणी संपण्याआधी सांडपाण्याची टाकी भरते, आणि ती मोकळी करायला अधिकृत डंप स्टेशनच लागते. म्हणून मुक्काम किती लांबवायचा हे बहुधा तीच टाकी ठरवते.

गुरुवार : गूसनेक्स ते कॉर्टेझ

घर हलवण्याचा दिवस. ब्लफ, ब्लँडिंग, मॉन्टिसेलो अशी गावे घेत यूएस १९१ ने ७,००० फुटांपर्यंत चढलो आणि तिथून यूएस ४९१ ने पूर्वेला वळून कोलोरॅडोत उतरलो. हवा क्षणात बदलली. लाल खडक मागे राहिले आणि नांगरलेली तांबूस शेते आली. डव्ह क्रीक हे गाव पिंटो घेवड्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे पोतेभर नाही तरी पिशवीभर घेवडा घेतला. संध्याकाळी कॉर्टेझला वीज, पाणी आणि गटारजोडणी असलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये टाक्या रिकाम्या केल्या. आज लिहिण्यासारखे याहून काही नाही.

शुक्रवार : मेसा व्हर्डे

मेसा व्हर्डे १९०६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. ओढून आणलेल्या घरांना मोरफील्ड कॅम्पग्राउंडच्या पुढे प्रवेश नाही. त्यापुढचा रस्ता डांबरी पण वळणावळणाचा आहे, मधे एक बोगदा आहे आणि दोन्ही बाजूंना जुन्या वणव्यांत जळालेल्या झाडांची राखाडी खोडे अजून उभी आहेत. आज डबलसीट गेलो. हवेला जुनिपरचा वास होता, आणि असे वास पिकअपच्या बंद काचांतून येत नाहीत.

क्लिफ पॅलेस पाहायला रेंजरसोबतच जावे लागते आणि त्याचे तिकीट आधी काढावे लागते. कड्याच्या भल्यामोठ्या खोबणीत सुमारे १५० खोल्या आणि २३ किवा, म्हणजे जमिनीत खोदलेली गोल विधिगृहे, दाटीने वसवलेली आहेत. बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधकाम सुरू झाले आणि १३०० च्या आसपास माणसे दक्षिणेकडे निघून गेली. दीर्घ अवर्षण हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते. एवढ्या कष्टाने दगडावर दगड रचून उभी केलेली घरे सोडून त्यांनी काय बरोबर नेले असेल, याचा विचार मी शिडी चढताना करत होते. त्यांचे वंशज आजही रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात आणि होपी मेसांवर राहतात. त्यामुळे ही माणसे ‘नाहीशी झाली’ असे म्हणणे चुकीचे आहे, हे रेंजरने ठासून सांगितले आणि ते सर्वांनी मनावर घ्यावे असे आहे.

कोलोरॅडोत आल्यावर पेट्रोल पंपाकडे लक्ष द्यावे लागते. उंचावरच्या या भागात सर्वांत स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचे असते. आमच्या इंजिनाला किमान ८७ हवे, म्हणून मधल्या दर्जाचे भरले. हेल्मेटचा कायदा इथे १८ वर्षांखालच्यांना लागू आहे आणि युटात २१ वर्षांखालच्यांना. वयाने आम्हाला दोन्हीकडे सूट आहे आणि पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घातल्याशिवाय आम्ही दोघेही गाडीवर बसत नाही.

शनिवार-रविवार : ड्युरँगो

कॉर्टेझ ते ड्युरँगो हे अंतर थोडे आहे. शनिवारी आलो, अॅनिमस नदीजवळ जागा मिळाली आणि रविवारी डोंगरावर ढग असल्याने खालीच थांबलो. १८८२ मध्ये सिल्व्हरटनपर्यंत पोहोचलेली तीन फुटी रुळांची रेल्वे अजून वाफेवर आणि डिझेलवर चालते. तिची शिटी दिवसभर ऐकू येत होती. नवऱ्याने साखळीला तेल दिले आणि मी टायरमधली हवा तपासली.

सोमवार : यूएस ५५०, ड्युरँगो ते यूरे आणि परत

या प्रवासात ज्या रस्त्यासाठी मन सर्वांत आतुर होते तो हा. सिल्व्हरटन ते यूरे या टप्प्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात. आरव्हींना इथे सरसकट बंदी नाही आणि मोठी घरे ओढत नेणारे लोकही दिसतात. पण नेता येते म्हणून न्यावे, असे मला वाटत नाही. त्या अरुंद पट्ट्यात एवढ्या लांब वाहनाला थांबायला जागा नाही, मागे रांग लागते आणि चालकाची नजर पांढऱ्या रेघेवरून हलत नाही. ज्या रस्त्यावर दर मैलाला थांबावेसे वाटते, तिथे थांबता न येणारे वाहन नेणे मला पटत नाही.

सकाळी थंडी होती. आत गरम कपडे, वर चामडी जाकीट. ड्युरँगो ६,५०० फुटांवर आहे. तिथून रस्ता कोल बँक खिंडीत १०,६४० फुटांवर आणि मोलस खिंडीत १०,९१० फुटांवर चढतो, मग ९,३१८ फुटांवरच्या सिल्व्हरटनला उतरतो. अॅस्पेनची झाडी ऐन पिवळी झाली होती. गर्द फर वृक्षांमध्ये डोंगरभर ते पिवळे पट्टे सकाळच्या तिरप्या उन्हात पाहून डोळ्यांचे पारणे फिटले. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. इंधनाचे मिश्रण यंत्रणा आपोआप सांभाळते, पण डबलसीट चढताना एक गिअर खाली ठेवावा लागतो, हे मोलसच्या चढावर स्पष्ट जाणवले.

सिल्व्हरटनला चहा घेऊन पुढे रेड माउंटन खिंडीकडे निघालो. ११,०१८ फुटांवरची ही खिंड या रस्त्यावरची सर्वांत उंच जागा आहे. समोरचे डोंगर खरोखर लाल आहेत. खडकातले लोह गंजून तो रंग आला आहे आणि उतारांवर जुन्या खाणींचे लाकडी सांगाडे उभे आहेत. चांदीच्या त्या काळात, १८८० च्या दशकात, ऑटो मिअर्स याने इथे टोलचा रस्ता खोदवला. बेअर क्रीक धबधब्यापाशी त्याचा टोलनाका होता. अशी जागा निवडली होती की चुकवून जायला दुसरी वाटच नव्हती. आजचा महामार्ग बराचसा त्याच आखणीवरून जातो.

खिंडीपलीकडे अनकम्पाग्रे नदीची घळ सुरू होते आणि रस्त्याचा स्वभाव बदलतो. पांढऱ्या रेघेपलीकडे हातभर डांबर, त्यापलीकडे काही नाही. कठडे नाहीत, कारण हिवाळ्यात बर्फ हटवणाऱ्या यंत्रांना तो बर्फ दरीत ढकलायला मोकळी कड लागते. ही यंत्रे चालवताना हिमस्खलनात जीव गमावलेल्या माणसांचे स्मारक रस्त्याकडेला आहे. आम्ही तिथे उतरून थांबलो. उन्हाळ्यात मजेने जाणाऱ्या प्रत्येकाने तिथे थांबावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तरेकडे जाताना आपण डोंगराच्या बाजूला असतो, परतताना दरीच्या. म्हणून जाताना गाडी नवऱ्याने चालवली आणि येताना मी. यूरेला गरम पाण्याच्या झऱ्यांवर बांधलेल्या तलावात तासभर बसून अंग मोकळे केले. डोंगराकडे ढग जमू लागले तसे दीडच्या सुमारास निघालो, कारण या उंचीवर दुपारचे वादळ अचानक येते आणि ओल्या डांबरावर वळणांवरची वाहून आलेली खडी दिसत नाही. दरीच्या बाजूने चालवताना भीती वाटण्याऐवजी लक्ष विलक्षण एकाग्र झाले. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेक नाही, आपल्या पट्ट्याच्या मध्यापासून रेघेकडे सरकायचे नाही. मागे बसलेल्या माणसाने वळणात गाडीबरोबर झुकणे हेही एक कौशल्य आहे. नवरा ते इतके चोख करतो की मागे कोणी आहे हे विसरायला होते. मोलसवर गारांचे चार टपोरे दाणे हेल्मेटवर वाजले, तेवढेच. चारच्या आत घरी पोहोचलो.

मंगळवार : पुढचा बेत

रात्री पारा गोठणबिंदूच्या अगदी जवळ आला. बाहेरची पाण्याची नळी गोठली की फुटते, आणि ऑक्टोबरात या उंचीवर राहायचे तर घराच्या पोटाखालच्या टाक्यांना सतत ऊब द्यावी लागते. त्यात गॅस भराभर संपतो. यूरे, सिल्व्हरटन आणि लेक सिटी यांच्यामधल्या सिनॅमन आणि एंजिनिअर खिंडींचे कच्चे रस्ते आता बर्फाने बंद होतील. ते पुढच्या उन्हाळ्यासाठी राखून ठेवले आहेत. त्या वेळी घर यूरेच्या उत्तरेला, रिजवेच्या बाजूला लावायचे, म्हणजे मिलियन डॉलर हायवेवरून ते न्यावे लागणार नाही आणि खिंडींच्या पायथ्याशी मोटरसायकलने लवकर पोहोचता येईल, असे दोघांचे एकमत झाले. आता याच यूएस ५५० ने, पण दक्षिणेकडे, अॅझ्टेकवरून न्यू मेक्सिकोत उतरायचे आहे. त्या बाजूला हा रस्ता रुंद आणि सौम्य आहे, तेव्हा घर आणि मोटरसायकल दोन्ही एकत्रच जातील.